टपालाच्या वाटेने माणगावास

कोकणात उतरणाऱ्या बहुतेक प्रवाशांस माणगाव ठाऊक असते. परंतु ते पाहिलेले फार थोड्यांनी असते. मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता या गावाच्या मधून जातो, पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरणारा रस्ता येथेच त्यास मिळतो, आणि म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या बाजूस जाणारी वाटही येथूनच फुटते. तिन्ही वाटांचे उतारू येथे चहापुरते थांबतात व मार्गस्थ होतात. हमरस्त्याच्या रुंदीकरणास २०११ साली आरंभ झाला आणि ते काम पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यामुळे गणेशचतुर्थीच्या आधी मोटारींच्या रांगेत अडकून पडलेल्या मनुष्यास माणगावाची आठवण राहते ती उन्हाची आणि भोंग्यांची. कोकण रेल्वेचे स्थानकही गावास आहे. पण तेथेही गाडी थांबते न थांबते तोच सुटते.

काळ नदीच्या काठच्या या गावात आमची शाळेची वर्षे गेली. १९७५ साली जुन्या पद्धतीची अकरावी, म्हणजे मॅट्रिक, उत्तीर्ण होऊन आम्ही येथून बाहेर पडलो. पुढे पुण्यास पाठशाळेत संस्कृताचे अध्ययन केले आणि निवृत्त होईपर्यंत मास्तरकी केली. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. यंदाच्या पौषात आम्ही माणगावास तीन दिवस राहून आलो. आम्हांस तेथे नेले ते एस.टी.ने खरे, परंतु त्यापूर्वी आमची पत्रे पुढे जाऊन वाट मोकळी करून आली होती. त्या पत्रांची आणि त्या वाटेची हकीकत वाचकांस सादर करीत आहो.

प्रथम दुखण्याविषयी थोडेसे. गेल्या श्रावणात एका पहाटे स्नान आटोपून उठताना छातीवर कोणी जाते ठेवावे तसा भार आला, डाव्या खांद्यापर्यंत कळ गेली आणि अंगास दरदरून घाम सुटला. चिरंजीवांनी क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळात नेले. हृदयास रक्त पुरविणारी एक रोहिणी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरांनी मनगटातून बारीक नळी घालून ती मोकळी केली व आत धातूच्या जाळीचा आधार बसविला. पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो.

आमचे घर भरलेले आहे. धाकटे बंधू, दोन चिरंजीव, सुना, चार नातवंडे, आणि या सर्वांवर आमच्या कुटुंबाची नजर. सेवेत कोणी काडीचीही उणीव ठेविली नाही. औषधाची वेळ चुकली नाही, मिठाचा कण वाढला नाही. परंतु मृत्यू हा शब्द घरात उच्चारावयाचा नाही असा एक अलिखित कायदा झाला. वर्तमानपत्रातील निधनवार्तेचे पान आमच्या हाती येण्यापूर्वीच नाहीसे होऊ लागले, विचारले तर नात सांगे, "आजोबा, त्यात पोळी गुंडाळली." भेटीस येणारा प्रत्येक जण "आता बरे आहे ना?" असे विचारी, आणि त्या प्रश्नास "बरे आहे" याखेरीज दुसरे उत्तर नसते. दिवसभर मनुष्यांच्या गराड्यात असावे आणि रात्री तीन वाजता मात्र आपल्या हृदयाचे ठोके मोजीत एकटेच पडून राहावे, अशी ती अवस्था होती. जे आपल्यावर जीव लावतात त्यांच्याशीच आपल्या जिवाविषयी बोलता येत नाही. एकत्र कुटुंबात आजारी पडलेल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांस हा अनुभव असेल.

शाळासोबत्यांचा व्हॉट्सॲपवर एक समूह आहे. त्यावर रोज प्रातःकाळी फुले उमलतात, एकादशीस विठोबा येतो, आणि कोणी आजारी पडल्याचे कळले की वीस हात एकदम जोडले जातात. तो सद्भाव खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या वीस हातांतला कोणाचा कोणता हे ओळखता येत नाही, एवढे खरे.

असो. झोप येईना म्हणून आम्ही रात्री उठून एका वहीत लिहू लागलो. इस्पितळाच्या छताकडे पाहताना काय वाटले, कोण आठवले, कशाचे भय वाटले, ते जसेच्या तसे. हा उद्योग आमच्या लहरीचा नसून त्याची शास्त्रीय परीक्षा झालेली आहे, हे आम्हांस मागाहून थोरल्या सूनबाईंनी वाचून दाखविले. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटे, आपल्या आयुष्यातील दुःखद प्रसंगांविषयी लिहिले. ज्यांनी घटना आणि तीमागील भावना अशी दोन्ही लिहिली, त्यांस लिहिल्यावर तेवढ्यापुरते वाईट वाटले. पण पुढील काही महिन्यांत त्यांस दवाखान्याची पायरी इतरांपेक्षा कमी वेळा चढावी लागली. लेखन हे औषधाच्या जागी घ्यावयाचे नव्हे. आमच्या गोळ्या अद्याप वेळच्या वेळी चालू आहेत. पथ्यपाण्याइतकेच त्याचे स्थान.

आठ रात्रींत वही अर्धी भरली. पण वही उत्तर देत नाही. तेव्हा आम्ही पाच जणांची नावे कागदावर मांडली. हे पाचही जण आमचे माणगावचे सोबती, आणि पाचांपैकी एकही त्या समूहात नाही. संसार, नोकऱ्या, बदल्या, लेकीबाळींची लग्ने यांत चाळीस-पन्नास वर्षे लोटली होती.

दुखण्यातून उठलेल्या मनुष्याच्या पत्राचे वाचणाऱ्यास दोन प्रकारचे भय असते. एक म्हणजे तो रडगाणे गाईल, आणि दुसरे म्हणजे तो उपदेश करील. ही दोन्ही संकटे टाळण्यासाठी आम्ही तीन नियम केले. पत्राच्या आरंभी अशी एक आठवण लिहावयाची, की जी त्याच्या-आमच्याखेरीज तिसऱ्यास ठाऊक नाही. दुखण्याची हकीकत एकाच परिच्छेदात आटपावयाची, पण ती खरी लिहावयाची. रात्रीचे तीन वाजले असतील तर तीन वाजले असे लिहावयाचे. आणि शेवटी असा एक प्रश्न विचारावयाचा, की ज्याचे उत्तर या जगात तो एकटाच देऊ शकेल. "प्रकृती कशी आहे?" हा तसा प्रश्न नव्हे.

पत्ते जुन्या डायरीत होते, आणि त्यांवर 'जिल्हा कुलाबा' असेच लिहिलेले होते. आम्ही तेथे रायगड घातले. परंतु आमचा सारा भरवसा होता तो ४०२१०४ या आकड्यांवर. पिन कोडाची ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, तेव्हा आम्ही शाळेत होतो. ती आखणारे टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत भाषेचे नाणावलेले कवी होते, हे मात्र आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. एकाच नावाची गावे देशात अनेक आहेत. खुद्द महाराष्ट्रातच माणगावे एकाहून अधिक आहेत. पहिल्या आकड्याने देशाचा विभाग सांगावा आणि शेवटच्या तिहींनी टपालघर दाखवावे, ही रचना एखाद्या सूत्रकाराला शोभण्याजोगी आहे. जिल्ह्याचे नाव बदलले, घरांचे रंग बदलले, पण त्या सहा आकड्यांनी आमची पाकिटे बरोबर नेऊन पोचविली.

पेटीत पत्रे टाकताना हात थोडा घुटमळला, हे खरे. इतक्या वर्षांनी आलेले हे पत्र त्यांस विचित्र तर वाटणार नाही ना? या शंकेचाही अभ्यास झालेला आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात पाच हजारांहून अधिक लोकांवर प्रयोग करून असे आढळले, की आपण होऊन विचारपूस केल्याने समोरच्यास किती आनंद होईल याचा अंदाज करताना मनुष्य तो नेहमी कमीच धरतो. आणि भेट अनपेक्षित असेल तर आनंद अधिकच होतो. आमच्या पाच पत्रांवरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण त्यांची गती सांगतो. डोंबिवलीच्या मित्राने दूरध्वनीवर तासभर संभाषण केले. ठाण्यास धाडलेले पत्र 'पत्त्यावर राहत नाहीत' अशा शेऱ्यासह परत आले. ते आम्ही जपून ठेविले आहे. राहिलेल्या तिघांची उत्तरे माणगाव तालुक्यातून आली. निजामपूरच्या मित्राच्या मुलाने लिहिले, की बाबा २०२१ च्या साथीत गेले. आपले पत्र त्यांच्या तसबिरीपुढे बसून आम्ही सर्वांनी वाचले. गोरेगावच्या मित्राचे उत्तर त्याच्या नातीच्या सुवाच्य अक्षरात आले. आणि माणगावच्या मित्राने पन्नास पैशांच्या कार्डावर तीन वाक्ये लिहिली : "पत्र पोचले. तू ये. बाकी समक्ष."

डॉक्टरांची परवानगी मिळाली, घरच्यांची मिळावयास त्याहून तीन आठवडे अधिक लागले, आणि धाकट्या चिरंजीवांना सोबत घेऊन आम्ही निघालो.

पुण्याहून पौडावरून गेले की मुळशीचा जलाशय लागतो. मुंबईच्या विजेसाठी टाटांनी हे धरण बांधावयास घेतले, तेव्हा बुडणाऱ्या गावांच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. सत्याग्रह मोडला, गावे पाण्याखाली गेली. हे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली भिऱ्यास पडते. तेथील वीजघर १९२७ पासून चालू आहे, आणि मग तेच पाणी कुंडलिका नदीतून समुद्राकडे जाते. देशावर पडलेला पाऊस कोकणात वाहतो तो या वाटेने. पुढे ताम्हिणी घाट. पावसाळ्यात येथे कडोकडी धबधबे असतात आणि सहलीच्या लोकांची जत्रा असते. पौषात मात्र घाट निवांत होता. गवत पिवळे पडलेले, ओढ्यांत गुडघाभरही पाणी नव्हते, आणि दरीवरून एखादी घार संथ फिरत होती. आषाढात याच घाटावरून ढग वर चढताना पाहून आम्हांस दरवर्षी मेघदूत आठवते. कालिदासाच्या यक्षाला निरोप धाडावयास मेघ मिळाला, नळास हंस मिळाला. प्राचीनांस टपालखाते नव्हते म्हणून हे दूत लागले असे कोणी म्हणेल. परंतु त्या काव्यांत निरोप पोचला की नाही यापेक्षा तो सांगताना यक्षाचे मन किती मोकळे झाले, हेच वाचकाच्या ध्यानात राहते.

घाट उतरला की विळे येते. तेथे आता भागाडपर्यंत कारखान्यांची वसाहत पसरली आहे. तेथून निजामपूर फार दूर नाही. आम्ही तेथे उतरलो. मित्राचा मुलगा स्टँडवर न्यावयास आला होता. वय चाळिशीचे, चेहरा हुबेहूब बापाचा. त्याने घरी नेऊन चहा दिला आणि संकोचाने म्हणाला, "काका, बाबा फारसे बोलत नसत. पंधराव्या वर्षी ते कसे होते, ते सांगाल का?"

आमच्या पत्राच्या आरंभी जी आठवण होती, तीच आम्ही विस्ताराने सांगितली. १९७३ सालचा भाद्रपद. तिमाही परीक्षेचा दिवस आणि ओढ्यास पूर. आम्हांस पोहता येत नसे. त्याने आम्हांस पाठीवर घेतले आणि दोघांची दप्तरे डोक्यावर बांधून पाण्यात उतरला. मध्यभागी त्याचा पाय निसटला. एक क्षणभर पाणी दोघांच्या डोक्यावरून गेले. कसा कोण जाणे, त्याचा हात एका उंबराच्या मुळीस लागला. पलीकडे गेल्यावर ओल्या अंगाने थरथरत तो एवढेच म्हणाला, "कोणास सांगू नकोस, नाहीतर उद्यापासून शाळा बंद होईल." आम्ही ती गोष्ट पन्नास वर्षे कोणास सांगितली नव्हती. आता ज्यास सांगावयाची नव्हती ते कोणी उरले नाही, आणि ज्यास सांगावयाची तो समोर बसला होता.

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा आम्हां भावंडांना नदीकाठी कधी जाऊ देत नसत. त्यावरून मी त्यांच्याशी पुष्कळ भांडलो आहे." इतके बोलून तो आत गेला व थोड्या वेळाने तोंड धुऊन बाहेर आला. निघताना त्याने पत्र परत मागू नये अशी आम्हांस विनंती केली. पत्र ज्याच्या नावचे त्याचेच असते, आणि त्याच्यामागून त्याच्या मुलाबाळांचे, असे आम्ही त्यास सांगितले.

दुपार उतरता माणगावास पोहोचलो. मित्राची भातगिरण आहे. आता ती मुलगा पाहतो. घर जुनेच, कौलारू, पुढे ओटी. अंगणात पेंढ्याची उडवी, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर पेरलेले वाल मागल्या वाडीत शेंगांस आलेले. वहिनी आत भिजवून मोड आणलेल्या वालाचे बिरडे सोलीत बसल्या होत्या. मित्र उठून उभा राहिला, आमच्या खांद्यावर हात ठेवून "मास्तर, वाळलास रे" एवढेच म्हणाला आणि पुढे पाऊण तास भाताच्या भावाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलला नाही.

त्यास लिहिलेल्या पत्रात आम्ही विचारले होते : लहानपणी शेतात रानडुकरे येत, तेव्हा तू माळ्यावर एकटा रात्र काढीत असस, तुला भय कसे वाटत नसे? चहा झाल्यावर तो उठला, गिरणीच्या जमाखर्चाची एक लाल वही घेऊन आला आणि आमच्या हाती देऊन म्हणाला, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर. सतरा पाने झाली. एवढे टपालात कसे घालायचे? माझा चष्मा सापडत नाही. तूच वाच. मोठ्याने वाच, मला हल्ली कमी ऐकू येते." चष्मा त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता, हे आमच्या मागाहून लक्षात आले.

आम्ही वाचू लागलो. आरंभी माळ्याची हकीकत होती. तेथे भय नसे, कारण डुक्कर आले तर ऐकू येई, त्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे ते कळे. पुढे लिहिले होते, की दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झाली, ती बरी उतरली, सर्व जण म्हणतात की आता काळजी नाही. पण तेव्हापासून रात्री दिवा मालवला की तो जागा राहतो. झोपेतच गेलो तर कोणास कळणार नाही, असे वाटते. म्हणून त्याने आपली खाट दाराजवळ ओढून घेतली. घरच्यांस सांगितले की तेथे वारा बरा येतो. खरे कारण असे, की न्यावयाचे झाले तर कोणास सामान हलवावे लागू नये. हे तो दोन वर्षे कोणाजवळ बोलला नव्हता. "माळ्यावर भय नव्हते, मास्तर," असे नवव्या पानावर होते, "घरात आहे."

आम्ही थांबलो. आतले सोलण्याचे काम केव्हाच थांबले होते. वहिनी उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या, हाताला वालाची साले चिकटलेली. त्या नवऱ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "तुम्ही जागे असता, हे का मला ठाऊक नाही? दोन वर्षे मी रोज रात्री तुमचा श्वास ऐकत पडलेली असते. तुम्ही कुशीवर वळलात की मग माझा डोळा लागतो." मग आमच्याकडे वळून, "भावोजी, थांबलात का? पुढचे वाचा," असे म्हणून त्या तेथेच उंबऱ्यावर बसल्या. उरलेली आठ पाने आम्ही दोघांस वाचून दाखविली.

त्या संध्याकाळी मुलाने व नातवंडांनी वाडीत पोपटी लावली. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो : हिवाळ्यात वालाच्या शेंगा कोवळ्या असतात, तेव्हा मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, वांगी, मीठ व ओवा असे थर लावितात, तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडके जमिनीवर उपडे ठेवितात आणि भोवती पेंढा व पाचोळा रचून पेटवितात. पाण्याचा थेंबही घालीत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासात सारे आपल्याच वाफेवर शिजते. आम्हांस मीठ बेताचे हवे म्हणून एक लहान मडके निराळे लावले होते. जाळापाशी बसल्यावर मित्राने विचारले, "मास्तर, हे असे लिहून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे का रे? का हे पुण्याचे खूळ?"

आम्ही त्यास याच जिल्ह्याचा दाखला दिला. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने चुलत्यांसह उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. लुटले गेले, मरणाच्या दाढेतून वाचले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. पुढे पुष्कळ वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी सारी हकीकत लिहून काढली. ती 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाली. वरसईच्या या भिक्षुकास ग्रंथकार व्हावयाचे नव्हते. विचारणारे मनुष्य आपले होते, म्हणून ते लिहिते झाले. विचारणारा भेटला नसता तर झाशीची ती रात्र त्यांच्याबरोबरच गेली असती. यावर मित्र म्हणाला, "म्हणजे तू माझा वैद्य." त्या शब्दाचे दोन्ही अर्थ धरून सर्व जण हसले.

दुसऱ्या दिवशी लोणेऱ्यावरून गोरेगावाकडे निघालो. लोणेऱ्यास १९८९ साली स्थापन झालेले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. आमच्या वेळी अकरावीनंतर तालुका सोडावा लागे, आता परगावची मुले येथे शिकावयास येतात. गोरेगावच्या बाजूस वडघर येथे साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे. दाट झाडी, मधून पायवाटा, आणि मुलांची शिबिरे भरविण्याजोग्या साध्या इमारती. गुरुजींची आंतरभारतीची कल्पना पुढे चालविण्यासाठी येथे भाषांतराचेही काम चालते. आम्ही तेथे झाडाखाली बराच वेळ बसलो. पालगडास १८९९ साली जन्मलेले गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरास शिक्षक होते, आणि वसतिगृहातील मुलांसाठी रोज रात्री जागून 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत असत. सकाळी उठल्याबरोबर मुलांच्या डोळ्यांपुढे त्यांचे अक्षर असे. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आणि अखेरच्या काळात पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे 'सुंदर पत्रे' म्हणून घरोघर वाचली गेली. मास्तरांच्या जातीला या मनुष्याने एक धडा घालून दिला आहे. पन्नास जणांसाठी लिहावयाचे असो की एकासाठी, लिहिताना समोर एकच चेहरा ठेवावा.

गोरेगावच्या मित्राची दृष्टी काचबिंदूने गेली आहे. आमचे पत्र त्यास नवव्या इयत्तेतील नातीने तीन वेळा वाचून दाखविले होते, आणि तिसऱ्या वेळी त्याने तिची जोडाक्षरे सुधारली होती. शाळेत संस्कृताच्या तासाला तो व आम्ही शेजारी बसत असू. आमचा आवाज ऐकताच त्याने "रामः रामौ रामाः" असा आरंभ केला. आम्ही द्वितीया घेतली, त्याने तृतीया, आणि सप्तमीपर्यंत न अडखळता गेलो. नात हसून लोटपोट झाली. मग त्याने तिला विचारले, "मित्र या शब्दाचे लिंग कोणते?" ती म्हणाली, "पुल्लिंग." तो म्हणाला, "मराठीत. संस्कृतात मित्र पुल्लिंगी असला की त्याचा अर्थ सूर्य, आणि नपुंसकलिंगी असला की स्नेही. मला पुल्लिंगी तो आता दिसत नाही. पण नपुंसकलिंगी तेवढा आज घरी आला आहे."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही त्याचा हात हातात घेऊन बसलो.

पुण्यास परतण्यापूर्वी आम्ही चौघांत एक ठराव केला. चौथा डोंबिवलीचा, त्यास दूरध्वनीवरून सामील करून घेतले. दर महिन्याच्या संकष्टीस प्रत्येकाने एक पत्र टपालात टाकावयाचे. गोरेगावचे पत्र नात लिहील. तिचे शुद्धलेखन सुधारेल हा वरचा लाभ. पत्रात देशाचे राजकारण आणि औषधांची नावे आणावयाची नाहीत. ज्याचे पत्र येणार नाही, त्यास दुसऱ्यांनी कारण विचारावयाचे नाही, आणखी एक पत्र लिहावयाचे. घरी आल्यावर आमच्या कुटुंबाने सारी हकीकत ऐकून घेतली. लाल वहीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र सर्व पानांसह आमच्या पुढ्यात आले, आणि रात्री दिवा मालविण्यापूर्वी त्यांनी प्रथमच विचारले, "त्या पहाटे तुम्हांला नेमके काय वाटले होते?" आम्ही सांगितले. सांगावयास एक वाजला.

ज्या वाचकांच्या घरी कोणी वडीलधारे नुकतेच दुखण्यातून उठले असेल, त्यांस आमची एक सूचना आहे. फळांच्या करंडीबरोबर दहा कोरी आंतर्देशीय पत्रे, एक चांगले लेखणीचे पेन आणि जुनी पत्त्यांची वही त्यांच्या उशाशी ठेवावी. काय लिहितात ते विचारू नये. टपालपेटीपर्यंत चालत जावयास सांगावे. डॉक्टरांनी सांगितलेला फेरफटकाही त्यात होतो.

माघातील संकष्टीचे माणगावचे पत्र परवा आले. तीन पाने मित्राच्या अक्षरात आहेत : वाल संपले, आंब्यास मोहर बरा आहे, खाट पुन्हा खिडकीखाली नेली. खाली, उरलेल्या जागेत, दुसऱ्या अक्षरात एक ओळ आहे : "भावोजी, झोप लागते. दोघांनाही."